शिरीषाची सुनावणी

गाडी एकच होती आणि पक्षकार दोन. त्यामुळे सुनावणीच्या सकाळी घरातला सगळ्यात मोठा प्रश्न झाडाचा नव्हता, कोण कुठे बसणार याचा होता.

धाकट्याची गाडी नेमकी आदल्या दिवशी गॅरेजात गेली होती. तो रिक्षाने जाईन म्हणाला, तर आत्याबाई कडाडल्या, "एका आवारातली माणसं, एकाच कचेरीत चाललीत, आणि वाहनं दोन? लोक काय म्हणतील?" लोकांना काय म्हणायचं होतं ते आवारात भिंत उभी राहिली तेव्हाच म्हणून झालं होतं. पण सासऱ्यांच्या मागे राहिलेली ही त्यांची एकुलती एक बहीण. तिच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप? मग नेहमीप्रमाणे थोरलीनेच, दादाच्या बायकोने, तोडगा काढला. दादा गाडी चालवणार. शेजारी आत्याबाई, म्हणजे दादा जे काही पुटपुटेल ते त्यांच्या बहिऱ्या कानावर जाईल. मागे एका कडेला धाकटा, मध्ये त्याची बायको, दुसऱ्या कडेला थोरली स्वतः.

दादाने बसल्या बसल्या आधी आरसा फिरवला. त्यात आता मागचा रस्ता दिसत नव्हता, पण भाऊही दिसत नव्हता.

"त्याला सांग, काच वर कर म्हणावं. धूळ येतेय."

थोरलीने मान वळवली. "भाऊजी, काच."

"वहिनी, त्यांना सांगा, धूळ बाहेरून येत नाहीये. गाडीतच भुसा सांडलाय, पायाखाली."

थोरली पुढे वळली. "ऐकलंत ना?"

"मी कशाला ऐकू? मला कोण काही बोललं का?"

"सिग्नल लागलाय, थोरल्या," आत्याबाई म्हणाल्या. "तिकडे बघ आधी."

हे असं किती वर्षं चाललं होतं ते थोरलीने मोजणं सोडून दिलं होतं. निमित्त एका डॉक्टरांच्या दरवाजांचं. लाकूड दादाच्या वखारीतलं, दरवाजे धाकट्याच्या कारखान्यातले, आणि दोन्ही एकाच आवारात, कारण सासऱ्यांनी मरताना एकाला वखार दिली आणि दुसऱ्याला रंधा. पावसाळी हवेत ते दरवाजे असे काही फुगले की डॉक्टर स्वतःच्याच न्हाणीघरात अडकले आणि बाहेर रोगी ताटकळत बसले. शेवटी दार फोडून त्यांना काढलं. दादा म्हणाला, सांधा कच्चा. धाकटा म्हणाला, लाकूड ओलं. आता दूधवाल्याला दुधात पाणी आहे म्हणावं आणि सुताराला हात कच्चा आहे म्हणावं, तर पुढे बोलण्यासारखं उरतं काय? दोघांनी बोलणंच टाकलं. मग आवाराच्या मधोमध भिंत आली. ती रस्त्याकडून निघाली ती थेट आवारातल्या शिरीषाच्या झाडाच्या बुंध्याला जाऊन भिडली आणि पलीकडून पुन्हा सुरू होऊन मागच्या कुंपणाला लागली. झाडाच्या मागच्या अंगाला मात्र एक जाडजूड मूळ वर आलेलं होतं. त्यावर गवंड्याला पाया घालता आला नाही, म्हणून बुंधा आणि भिंत यांच्यात एक फट राहिली. अंग चोरून, आडवं होऊन एक माणूस जाईल एवढी. भाजीच्या वाट्या, आजारपणातली औषधं, आणि दोन भावांचे निरोप, सगळं त्या फटीतून जायचं. नेणारी एकटी थोरली. लग्न होऊन आली तेव्हा ती सहज गेली असती त्यातून. आता प्रत्येक वेळी पोट आत ओढावं लागायचं.

आणि आता दादाला ते झाडच नको झालं होतं.

त्यात नुसता हट्ट नव्हता, हे थोरलीला कळत होतं. लाकूड हल्ली लांबलचक ट्रेलरवर येतं. भिंतीमुळे अर्धं झालेलं आवार आणि मध्ये शिरीष, ट्रेलर वळणार कुठून? तो रस्त्यावर उभा राहायचा, माल छोट्या टेम्पोने आत यायचा, मागे गाड्यांची रांग लागायची आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खायला दादा. त्याने शहराबाहेर एक जागा बघून ठेवली होती. झाड निघालं नाही तर वखार तिकडे हलवणार, घरही तिकडेच. हे त्याने फक्त थोरलीला सांगितलं होतं. म्हणजे ते पलीकडे पोचवायचं की नाही, हेही तिच्यावरच सोडलं होतं. हा एक निरोप तिने नेला नाही.

पालिकेत अर्ज गेला. वृक्ष विभागाचा माणूस येऊन झाडाला पाटी बांधून गेला: हे झाड तोडण्यासाठी अर्ज आला आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावे. सुतळीने बांधली, कारण झाडाला खिळा मारणं हा गुन्हा. त्याच संध्याकाळी थोरलीने फटीतून बघितलं. धाकटा चष्मा कपाळावर चढवून पाटी वाचत होता. वाचून झाल्यावरही तो बराच वेळ तिथेच उभा होता.

हरकत त्याचीच आली. एकट्याची.

*

वृक्ष विभागाची कचेरी पालिकेच्या मागच्या अंगाला होती. व्हरांड्यात रोपांच्या पिशव्या, कोपऱ्यात करवती, दोर आणि पिवळी शिरस्त्राणं. सुनावणीची खोली मोठी होती, पण खुर्च्या कमी. अधिकारी बाई तरुण होत्या. साडी चापूनचोपून नेसलेली, आणि पायात मात्र मातीने भरलेले बूट.

आधीचं प्रकरण चालू होतं. एक गृहस्थ हात जोडून सांगत होते, "मॅडम, सगळं झाड नको, फक्त माझ्या गाडीवरची फांदी. पक्षी रोज गाडी खराब करतात."

"गाडी हलवता येते का?" बाईंनी विचारलं.

"येते की."

"फांदी हलवता येत नाही. पुढचे."

दादाने हे ऐकलं आणि रुमालाने मान पुसली.

"अर्जदार इकडे बसा. हरकतदार तिकडे, समोरासमोर. बोलताना एकमेकांकडे बघून बोलायचं, माझ्याकडे नाही. मी ऐकतेय."

दोघे भाऊ समोरासमोर बसले. मध्ये टेबल. दादाने घसा साफ केला आणि मागे उभ्या असलेल्या बायकोकडे वळला. "अगं, त्याला विचार—"

"ह्या कोण?" बाई म्हणाल्या.

"माझी मिसेस."

"ह्यांचा अर्ज आहे?"

"नाही."

"ह्यांची हरकत आहे?"

"तिची कशावरच नसते."

"मग ह्या बसतील. बसा हो तुम्ही. इथे मध्यस्थ चालत नाही."

थोरली बसली. खुर्चीला हात होते, पाठ टेकता येत होती, वर पंखा होता. दोन्ही भाऊ बोलायचे आहेत आणि आपल्याला काही करायचं नाही, हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आल्यावर तिने पदर सारखा केला आणि नाटकाला पुढची तिकिटं मिळाल्यासारखी सावरून बसली.

समोर मात्र कुणी बोलेना. दादा टेबलाकडे बघत होता, धाकटा पंख्याकडे. शेवटी दादा म्हणाला, "हरकतदारांना असं विचारायचं आहे की, झाड धोकादायक असताना—"

"अरे, हरकतदार कसला? छोट्या म्हण की!" आत्याबाई मागून ओरडल्या. धाकट्याची पन्नाशी उलटली होती, डोक्यावर एक केस नव्हता, पण घरात त्याचं नाव अजून छोट्याच होतं. कारकुनाने हसू लपवायला फाइल तोंडासमोर धरली.

"अर्जदारांना सांगण्यात येतं," धाकटा म्हणाला, "झाड धोकादायक नाही. आणि माझ्या कारखान्यावर सावली त्याचीच आहे. पॉलिश सावलीत बसतं. उन्हात फोड येतात."

"फोड उन्हाने येत नाहीत. हात—"

"हाताचं नाव काढायचं नाही!"

"मी कुठे काढलं? मी म्हणणार होतो, हातभर लांब छप्पर घातलं की सावली होते."

"लाकूड विकणाऱ्याने पॉलिशबद्दल बोलू नये."

"आणि पॉलिशवाल्याने—" दादा थबकला. त्याच्या चेहऱ्यावर एक विचित्र भाव आला. पाच-सहा वाक्यं सरळ भावाशी बोलून झाली होती, आणि ते त्याच्या आत्ता लक्षात आलं होतं. धाकट्याच्याही आलं.

"पॉलिशसाठी हरकत, असं लिहू?" कारकुनाने विचारलं.

तेव्हा धाकटी उभी राहिली. ही बाई चार माणसांत बोलायची म्हणजे नवलच. घरातही तिचं निम्मं बोलणं मानेनेच चाले.

"पॉलिशसाठी नाही," ती म्हणाली. "ह्यांना सांगता येत नाही म्हणून पॉलिश म्हणतायत. झाड गेलं की भिंत सलग होणार. ती फट बुजवायची, असं गवंड्याशी बोलणं झालंय. मी कानांनी ऐकलंय. मग ताईंनी यायचं कुठून? भिंत बांधली तेव्हा आम्ही काही बोललो नाही. पण ती फट गेली तर..." ती खाली बसली आणि तिने आत्याबाईंचा हात धरला.

दादा आपल्या बुटांकडे बघत राहिला. गवंड्याची गोष्ट थोरलीला ठाऊक नव्हती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्याने काही तिच्याकडे पाहिलं नाही. थोरलीला राग आला, आणि रागाच्या मागोमाग धाकटीचं इतकं कौतुक वाटलं की राग तसाच राहून गेला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अर्जात लिहिलंय, झाड आतून पोकळ. हरकतीत लिहिलंय, ठणठणीत. झाडाचं म्हणणं कुणीच घेतलेलं नाही. चला."

"कुठे?"

"झाडाकडे. फोरमन, हातोडी घ्या."

*

पालिकेची जीप पुढे आणि यांची गाडी मागे, अशी वरात आवारात आली, आणि धाकटा-धाकटी आपल्या फाटकातून आपल्या बाजूला गेली. ट्रेलर आल्यासारखे वखारीतले हमाल आणि पलीकडचे सुतार कामं टाकून बघायला जमले.

बाई झाडाभोवती फिरल्या. दादाच्या बाजूने अर्धं फिरल्या, मग बाहेर रस्त्यावर जाऊन धाकट्याच्या फाटकातून येऊन उरलेलं अर्धं. फट त्यांनी पाहिली, आणि तिथून जायचा विचार करून सोडून दिला. मग फोरमनकडून लाकडी हातोडी घेतली. "करवत बंद करा."

वखारीत सुरूच राहिलेली करवत थांबली. बाईंनी बुंध्यावर पहिला ठोका मारला.

थोरलीने झाडाकडे पाहिलंच नाही. ती फटीजवळून दोघा भावांकडे बघत होती. ठोका पडताक्षणी दोघांनी मान डावीकडे कलती केली, डोळे बारीक केले आणि ओठ दुमडले. अगदी सासऱ्यांसारखे. सासरे ओंडका घेताना असेच ऐकायचे, बोटाच्या पेराने वाजवून. एक फटीच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि दोघांचा चेहरा एकच.

बाईंनी खाली ठोका मारला. मग आणखी खाली, मुळांजवळ. आवाज जड, भरदार, लांब न रेंगाळणारा.

"भरीव!" दोघे एकदम म्हणाले.

आणि दादाने जीभ चावली.

"तुमच्या अर्जात पोकळ आहे," बाई म्हणाल्या.

"ते अर्ज लिहिणाऱ्याने लिहिलं."

"सही?"

"सही माझी." दादाने टोपी काढली, पुन्हा घातली. "लिहिताना मला वाटलं, असेल पोकळ. पण आता वाजलं ना. वाजल्यावर कसं म्हणू? लाकडाच्या बाबतीत खोटं माझ्या तोंडून निघत नाही, बाई. माणसांच्या बाबतीत एखाद् वेळेस निघेल."

"ते खरं आहे," भिंतीपलीकडून धाकटा म्हणाला. सहज, आपल्याशीच.

दादा गर्रकन वळला. "काय म्हणाला तो? ऐकलंत सगळ्यांनी? लाकडाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही, हे खरं आहे म्हणाला! मग डॉक्टरांचं लाकूड—"

"मी आत्ताच्या लाकडाबद्दल म्हणालो!"

"लाकूड ते लाकूड!"

"हे बघा," बाईंनी हातोडी वर केली. "डॉक्टर कोण ते मला माहीत नाही, आणि त्यांचा अर्जही नाही. झाड भरीव आहे. तोडायची परवानगी मिळणार नाही. पण अर्जदारांची भीती अगदीच खोटी नाही. ती रस्त्याकडची फांदी बघा, सुकलीय. का सुकली माहितीये?" त्यांनी बुटाचं टोक बुंध्याभोवतीच्या काँक्रीटवर आपटलं. "ह्याने. आणि ह्याने." त्या भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या. "मुळांना ना पाणी, ना हवा. बुंध्याच्या चहूबाजूंनी मीटरभर माती उघडी ठेवायची, हा शहराचा नियम आहे. काँक्रीट फोडायचं. आणि भिंत दोन्हीकडून मागे घ्यायची."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग दोन्हीकडून एकाच वेळी गदारोळ उठला.

"भिंतीला हात लावायचा नाही!" हा दादा.

"वाटणीची भिंत आहे ती!" हा धाकटा. "तीन पंचांनी बसून आखलेली रेघ आहे!"

"आमच्या खाजगी भिंतीशी पालिकेचा संबंध काय?"

"बरोबर बोलतोय दादा! संबंध काय?"

"छोट्या, तू सांग त्यांना, तुझ्याकडे नकाशा आहे ना?"

"आहे. पण तूच सांग दादा, तू अर्जदार, तुझं म्हणणं आधी ऐकतील."

"आपण दोघं मिळून वरच्या साहेबांकडे जाऊ!"

"आत्ता जाऊ! गाडी काढ!"

थोरलीच्या पोटातून हसू उसळलं. तिने पदर तोंडाशी नेला, पण ते आवरेना. भावाभावांना वेगळं करणारी भिंत वाचवायला दोघे भाऊ एक झाले होते, आणि दोघांपैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता. ती शिरीषाला टेकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पलीकडून धाकटीचं हसू ऐकू आलं, मग एका सुताराचं, मग हमालांचं.

"काय झालं? कोण पडलं?" आत्याबाई विचारू लागल्या.

"कुणी पडलं नाही आत्याबाई. दोघे भाऊ मिळून उठलेत!" थोरली हसत म्हणाली.

दोघे भाऊ गोंधळून थांबले. एकमेकांकडे त्यांनी फटीतून पाहिलं. धाकट्याने टकलावरून हात फिरवला. हसू दादाच्याही मिशीपर्यंत आलं होतं, पण तो तसा लवकर हार मानणारा नव्हता. त्याचा चेहरा हळूहळू पुन्हा बंद झाला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "झाड राहू दे. भिंत फोडा, काय वाटेल ते करा. माझा ट्रेलर आत येत नाही तो नाहीच. मी वखार हलवतो. बाहेर जागा बघून ठेवलीय. घरही तिकडेच नेतो."

हसू जिथल्या तिथे थांबलं. धाकट्याच्या तोंडावरचा रंग उतरला. तो फटीजवळ आला. "हलवतो म्हणजे? वहिनी, हा काय म्हणतोय? हे तुम्ही मला बोलला नाहीत."

"नाही बोलले," थोरली म्हणाली.

"का?"

"मला तो निरोप आवडला नाही म्हणून."

तिच्या तोंडून हे इतकं सरळ निघालं की तिलाच नवल वाटलं. आयुष्यभर ती दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडे नेत आली होती, टोकं जरा बोथट करून. स्वतःचं वाक्य किती हलकं लागतं बोलायला! एक बोलून झालं तसं दुसरं आपोआप आलं.

"अहो, ट्रेलर आत का येत नाही?"

"वळत नाही म्हणून. किती वेळा सांगू?"

"पण वळायचं कशाला? अगं, टेप आण गं," तिने धाकटीला हाक मारली. "ह्यांचं फाटक इकडे, भाऊजींचं तिकडे. दोन्ही एकाच रस्त्यावर. आवाराचे हे दोन भाग पायाखाली घातलेली मी एकटी आहे. भिंत बुंध्यापासून मागे जाणारच आहे, बाई सांगतायत. ती झाडापासून मागच्या कुंपणापर्यंत सगळीच गेली, तर ट्रेलर ह्यांच्या फाटकातून आत, झाडाच्या मागून गोल, आणि भाऊजींच्या फाटकातून बाहेर. उलटं फिरायला नको, मागे घ्यायला नको."

ती चालूही लागली. दादाच्या फाटकापासून निघाली, फळ्यांच्या थप्प्यांना वळसा घालून झाडाच्या मागे आली, भिंत आड आली तिथे अंग चोरून फटीतून पलीकडे गेली आणि धाकट्याच्या फाटकातून रस्त्यावर जाऊन पुन्हा दादासमोर येऊन उभी राहिली. धाकटी टेपचं टोक धरून मागे धावत होती. फोरमनला राहवेना. त्यानेही खिशातून चुन्याची पुडी काढली आणि झाडाभोवती रेघ ओढू लागला.

"मुळांवरून चाक जाता कामा नये," बाई म्हणाल्या. "ह्या रेघेच्या आत नाही. काठाला दगड लावा." त्यांनी आवाराकडे नीट पाहिलं, ट्रेलर केवढा लांब असतो ते दादाला विचारलं, स्वतः एकदा सगळा वळसा डोळ्यांनी फिरून आल्या. "बसतंय. भंगार हलवलं तर."

"भंगार नाही ते," धाकटा म्हणाला. "चांगल्या लाकडाचे तुकडे आहेत."

"भंगार आहे," दादा म्हणाला.

"आणि माझ्या फाटकातून ह्याचे ट्रेलर जाणार?"

"भाऊजी," थोरली म्हणाली, "तुमचं प्लायवुड कशाने येतं? तेही रस्त्यावरच उतरतं ना?"

दोघांनाही दिसत होतं की हा रस्ता एकट्याने वापरता येणारा नव्हता. अर्धा एकाकडे, अर्धा दुसऱ्याकडे. दादाने बायकोकडे पाहिलं, आणि जुन्या सवयीने हळूच म्हणाला, "त्याला विचार, चालेल का म्हणावं."

"मला बसायला सांगितलंय," थोरली म्हणाली आणि एका ओंडक्यावर बसली. "इथे मध्यस्थ चालत नाही."

बाईंनी मान दुसरीकडे वळवली, पण त्यांचे खांदे हलताना दिसले.

दादा फटीकडे वळला. हमाल बघत होते, सुतार बघत होते, आत्याबाई चांगला कान पुढे करून उभ्या होत्या. "छोट्या," तो म्हणाला. "चालेल का?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे चालेल. पण ट्रेलर संध्याकाळी. दिवसा माझं पॉलिश चालू असतं, धूळ नको."

"संध्याकाळी रस्त्यावर गर्दी असते. पहाटे."

"पहाटे माझी झोप असते."

"तुझी झोप लहानपणापासून अशीच. बाबा उठवून थकले."

"बाबांनी तुला उठवलं, मला नाही. मी आपणहून उठायचो."

"खोटं!"

"दोघेही खोटं," आत्याबाई म्हणाल्या. "तुम्हाला दोघांना मी उठवायचे."

*

पुढच्या आठवड्यात पालिकेची उंच शिडीची गाडी आली आणि सुकी फांदी दोर लावून अलगद खाली उतरवली. खाली रस्ता अडवून ठेवला होता. फांदी जमिनीला टेकते न टेकते तोच दोघे भाऊ तिच्याजवळ पोचले. दोघांनी ताजी कापलेली कड नाकाशी नेली.

"पाट छान होतील," धाकटा म्हणाला.

"फळ्या मी काढून देतो," दादा म्हणाला.

"लाकूड पालिकेचं आहे," फोरमन म्हणाला आणि फांदी गाडीत टाकून घेऊन गेला. दोघे कितीतरी वेळ त्याला नावं ठेवत होते, एकमेकांना दुजोरा देत.

काँक्रीट फोडायला आणि भिंत पाडायला दादाचे हमाल एका बाजूने लागले आणि धाकट्याचे सुतार दुसऱ्या बाजूने. बाईंनी येऊन उघड्या मातीत स्वतः हात घातला, मुळं तपासली, आणि पाणी कधी नि किती घालायचं ते दोघांनाही सांगितलं. पाणी कुणी घालायचं यावर अर्थातच वाद झाला. मग ज्याचा ट्रेलर येईल त्याने त्या दिवशी घालायचं, असं ठरलं. रस्त्याकडचा भिंतीचा तुकडा तेवढा राहिला. दादा म्हणाला, वाटणी ती वाटणी. धाकटा म्हणाला, बरोबर.

पहिला ट्रेलर आला त्या दिवशी सगळं घर बाहेर आलं. चालक आत शिरला, सवयीने थांबला आणि मागे घ्यायला लागला, तसे दोन्ही भाऊ दोन बाजूंनी ओरडले, "पुढे! पुढे! गोल!" शिरीषाच्या मागून ती अजस्र गाडी हळूहळू वळली. एकदा तिचा मागचा भाग दगडांच्या इतक्या जवळ आला की थोरलीने डोळे मिटले. उघडले तेव्हा ट्रेलर धाकट्याच्या फाटकासमोर उभा होता, दगडांना न शिवता, आणि आत्याबाई टाळ्या वाजवत होत्या.

माल उतरायला सुरुवात झाली. धाकट्याने वरची एक फळी उचलली, उन्हात धरली आणि वजन घेतलं.

"ओलं वाटतंय," तो म्हणाला.

हमालांनी हातातल्या फळ्या खाली ठेवल्या.

"ओलं?" दादा म्हणाला. "माझ्या तोंडावर? ये, ये इकडे. वाजवून दाखवतो. आणि आता विषय काढलाच आहेस तर डॉक्टरांच्या दरवाजांचंही होऊन जाऊ दे."

"होऊन जाऊ दे! सांध्यात बोट घालून दाखव म्हणालो होतो तेव्हा, तू आलाच नाहीस!"

"बोलावलंस कधी? निरोप पाठवलास!"

"मग यायचं निरोपावर!"

"मी निरोपावर येत नाही!"

दोघे फळी मध्ये घेऊन बसले. एक वाजवायचा, दुसरा ऐकायचा, मग उलट. आवाज चढत होते, हात हलत होते, दूर कुठेतरी असलेल्या त्या डॉक्टरांचा पाणउतारा होत होता. थोरली थोडा वेळ उभी राहिली. आपल्याला आता कुणीतरी हाक मारेल, अशी वाट बघत राहिली. कुणी मारली नाही.

ती आत गेली, चपला घातल्या, आणि धाकटीच्या दारात जाऊन उभी राहिली. "चल."

"कुठे, ताई?"

"बाहेर. तळ्यापर्यंत. कुठेही. किती वर्षांत आपण दोघी नुसत्या फिरायला गेलो नाही."

धाकटीने गॅस बंद केला, केसांवरून हात फिरवला आणि निघाली. रस्त्याच्या टोकापर्यंत भावांचे आवाज ऐकू येत होते. तिथे वळताना धाकटी थांबली आणि काळजीने मागे बघू लागली.

"ताई, पुन्हा भांडतील का हो?"

"पुन्हा कशाला? भांडतायतच," थोरली म्हणाली. "तोंडाने भांडतायत. भांडू दे."